सिनेमाच्या नावाने निघालेली माझी कादंबरी

पुण्याहून आलेल्या त्या पहिल्या पत्रावर माझ्या नावामागे 'श्री.' लिहिलेलं होतं. चूक माझीच. मासिकांना विज्ञानकथा पाठवताना मी आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच लिहायची. नगरच्या मुलींच्या शाळेत शिकवणारी, भिंगारला वडिलांबरोबर राहणारी एकोणतीस वर्षांची बाई ग्रहगोलांच्या गोष्टी लिहिते हे कळलं, तर संपादक पहिलं पान उलटायच्या आतच हसतील अशी मला खात्री होती. तीन वर्षांत पाच कथा छापून आल्या होत्या. आमच्या शिक्षकखोलीत त्यातली एकही कुणी वाचलेली नव्हती.

पत्र एका प्रकाशकांचं होतं. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला अडकवून ठेवतात तसली छोटी पुस्तकं ते काढत. त्यांचं म्हणणं असं, की माणसं चंद्रावर जातात असा एक हिंदी सिनेमा नगरला लागतोय. तो श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगावला पोचायच्या आत त्याची मराठी कादंबरी स्टँडवर लागायला हवी. मी सिनेमा पाहावा आणि दहा दिवसांत आठ फॉर्म भरतील एवढा मजकूर द्यावा. सोळा पानांचा एक फॉर्म. पुस्तकावर माझं नाव येणार नाही. सिनेमाच्या सगळ्या पुस्तकांसाठी त्यांनी एक खोटं नाव ठरवलेलं होतं आणि तिघं-चौघं मिळून ते वापरत. शेवटी लिहिलं होतं, 'आपणांस यंत्रांची माहिती आहे, असे कथांवरून दिसते.'

ती माहिती माझी नव्हती. ती तात्यांची, माझ्या वडिलांची होती. तात्यांनी तीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून काढली होती. रणगाड्याचं इंजिन बंद असलं तरी नुसता हात फिरवून ते दुखणं सांगायचे म्हणे. आई मी मॅट्रिकला असताना गेली. भाऊ-बहीण कुणी नाही. पुढे तात्यांना काचबिंदू झाला आणि वेळेआधीच घरी बसावं लागलं. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती दिवस राहील तेही सांगता येत नाही. तेव्हा त्यांना समोरचं थोडं दिसायचं, बाजूचं काहीच नाही. नळीतून बघितल्यासारखं, असं ते म्हणत.

एकटी बाई दुपारच्या खेळाला वही घेऊन जाऊन बसणार कशी, म्हणून मी तात्यांना बरोबर नेलं. टांग्याने माळीवाड्यापर्यंत आणि तिथून चालत. बाल्कनीत बसलो. पडद्यावर पुठ्ठ्याचा चंद्र होता आणि नायिका त्यावर चमचमत्या कपड्यांत नाचत होती. तात्यांना पडदा पुरता दिसत नव्हता. ते सारखे विचारायचे, "आता काय झालं?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची. यान उतरलं. दार उघडत नाहीये. खलनायकाने वायर तोडलीये.

"कंची वायर?"

"ते नाही दाखवलं."

"मग कशाचा शिनेमा!" पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून बघायचा.

तीन दिवस ओळीने आम्ही तोच सिनेमा पाहिला. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की तात्यांना सांगताना मी पडद्यावर नसलेलंही सांगायला लागले होते. दाराची बिजागरी कशी, आत हवा कशी कोंडलीये, खलनायकाचे हात का थरथरतायत. तात्यांचा चेहरा खुलायचा. घरी येऊन मी तेच लिहून काढलं. आठव्या दिवशी मजकूर पोस्टात पडला.

चौथ्या दिवशी मात्र मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं होतं. "बाई, तीन दिवस तुम्ही अर्ध्या रजेवर आणि तिन्ही दिवस तुम्हाला थिएटरच्या दारात पाहिलंय म्हणे."

"वडिलांना नेलं होतं. त्यांची नजर जातेय."

त्यांनी रजेचं रजिस्टर मिटलं. मला स्वतःची लाज वाटली. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

पुस्तक निघालं. त्यावर नायिकेचं चित्र होतं. श्रीरामपूरहून आलेल्या आमच्या एका शिक्षिकेच्या हातात मी ते पाहिलं. तिने बसमध्ये वाचून संपवलं होतं आणि उतरल्यावर टाकून द्यायचं विसरली होती. "टाइमपास आहे, घ्या तुम्हाला हवं तर," ती म्हणाली. मी घेतलं.

वर्षभरात मी अशी आणखी चार पुस्तकं केली. एक मारामारीच्या सिनेमाचं, दोन भुताखेतांच्या सिनेमांची आणि एक कुठल्याशा इंग्रजी सिनेमाचं, ज्यात मला निम्मे संवादच कळले नव्हते. दर वेळी तात्या बरोबर यायचे. दर वेळी त्यांना थोडं कमी दिसायचं.

हे सगळं मी का करत होते, तर माझी स्वतःची एक कादंबरी होती. चार वर्षं मी ती लिहीत होते आणि ती हेच प्रकाशक काढतील अशी मला आशा होती. पृथ्वीवरून निघालेलं एक प्रचंड यान. प्रवास इतका लांबचा, की निघालेले लोक पोचणार नाहीत, त्यांची नातवंडं-पतवंडं पोचतील. निघाल्यावर काही वर्षांनी पृथ्वीकडून निरोप येणं बंद होतं. यानात जन्मलेली पोरं म्हणायला लागतात, पृथ्वी नव्हतीच कधी. आणि एक म्हातारा फिटर असतो. हवेचं यंत्र तो एकटा चालू ठेवतो. त्याचं काम शिकायला कुणी तयार नसतं.

हा फिटर अर्थातच तात्यांसारखा होता. संध्याकाळी जेवणाआधी मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायची आणि ते दुरुस्त करायचे. "त्यो यंत्राला कान कसा लावतो? तसा न्हाई. लांब स्क्रू-डायवर घ्यायचा, त्येचं टोक मशिनीवर अन् मूठ कानाला. मग आतलं समदं ऐकू येतंय." झाकण बसवतानाचे नट एका बाजूने ओळीने आवळायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं, हेही त्यांनीच सांगितलं. मी ते एक पूर्ण पान लिहिलं होतं. सबंध कादंबरीतलं माझं सगळ्यांत आवडतं पान.

तात्यांनी एकदा विचारलं होतं, "ह्या म्हाताऱ्याचं पुढं काय हुतंय?"

"तो मरतो. यंत्र अजून चालू असतं. किती दिवस चालेल ते मी सांगितलेलं नाही."

"बराबर हाय," ते म्हणाले. "सांगू बी नको."

पक्की प्रत मी प्रकाशकांकडे पाठवून दिली. कच्चे कागद, म्हणजे जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागल्या बाजू, एव्हाना आंघोळीच्या बंबात गेले होते. आमच्या दोन खोल्यांत ठेवायला जागा नव्हती आणि कार्बन लावून लिहायचं मला सुचलं नाही. प्रकाशकांचं कार्ड आलं. वाचतो, सवड मिळाली की कळवतो.

दहा महिने कळवलं नाही. मग बहात्तर सालचा उन्हाळा आला. वर्गात बाकं रिकामी दिसायला लागली. पाथर्डी-शेवगावकडून शिकायला आलेल्या मुलींना घरच्यांनी परत नेलं होतं, दुष्काळी कामावर खडी फोडायला. उरलेल्यांना मी सूर्यमाला शिकवत होते. सुट्टी लागली आणि प्रकाशकांची तार आली. ताबडतोब निघा.

मी पहिल्यांदाच त्यांना भेटत होते. एका बोळात वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं, खाली छापखाना. साठीचे, थकलेले, सदऱ्याच्या खिशाला शाईचे डाग पडलेले गृहस्थ. माझ्याकडे बघून ते माझ्या मागे कोण येतंय ते बघायला लागले.

"मीच," मी म्हणाले.

"तुम्ही? अहो, मी दीड वर्ष तुम्हाला मास्तर समजतोय!" मग स्वतःच खुर्ची ओढून दिली. "बसा, बाई. चहा घेणार?"

चहा येईपर्यंत त्यांनी कामाचं सांगितलं. अंतराळात अडकलेल्या जहाजाचा एक मोठा सिनेमा येतोय. नटनट्यांची चित्रं घेऊन पुस्तकाचं कव्हर त्यांनी आधीच छापून ठेवलंय, चार रंगांत. पण सिनेमावाले गोष्ट देईनात. रोज बदलतायत म्हणे. सिनेमा लागेल त्याच दिवशी पुस्तक स्टँडवर पाहिजे. हातात आठ दिवस.

"गोष्टच माहीत नाही तर मी लिहू काय?" मी विचारलं.

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि माझी कादंबरी टेबलावर ठेवली. मी बांधलेली दोरी तशीच होती, पण गाठ वेगळी होती.

"ही वाचली मी. दोनदा वाचली." ते माझ्याकडे बघत नव्हते. "चांगली आहे, बाई. पण ही मी काढू शकत नाही. कुणी घेणार नाही ही. म्हातारा, यंत्र, शेवटी मरण. वाचकाला कशासाठी वाचायचं? पण यान यात आहेच. लोक अडकलेत. नावं बदला, फिटर तरुण करा, एक मुलगी घाला. शेवटी सगळे सुखरूप. आठ दिवसांत होईल."

मी म्हणाले, "आणि नाही केली तर?"

"तर ही या ड्रॉवरमध्ये राहील, किंवा तुम्ही परत घेऊन जाल. दुसरीकडे पाठवून बघा. मी कोण अडवणार? पण तुम्हाला खोटी आशा लावायला मला जमणार नाही."

मला अजूनही वाटतं, ते माणूस म्हणून वाईट असते तर मी उठून आले असते. त्यांनी खरं सांगितलं म्हणून मी फसले. मी दुसरे प्रकाशक आठवून पाहिले. ज्या संपादकांनी माझ्या कथा परत पाठवल्या होत्या, त्यांची अक्षरं आठवली. 'विषय आमच्या वाचकांस रुचणारा नाही.' मी चहा संपवला आणि हस्तलिखित पिशवीत घातलं. बसमध्ये मी स्वतःला सांगत होते, छापून तर येईल. वाक्यं तर माझीच असतील.

नवीन प्रत करायला वेळ नव्हता. त्याच पानांवर मी लाल शाईने काम केलं. फिटरचं नाव खोडून नायकाचं लिहिलं. 'त्याचे गुडघे दुखत होते' हे खोडलं. 'त्याने पांढऱ्या केसांतून हात फिरवला' यातलं 'पांढऱ्या' खोडलं. पृथ्वी नव्हतीच असं म्हणणारी पोरं मोठीच्या मोठी पानं खात होती, ती काढली आणि तिथे नायक-नायिकेची भेट घातली. दुपारी घर तापायचं, पंखासुद्धा नव्हता. तात्या दाराशी बाजेवर बसलेले असायचे.

"काय खोडतीस गं येवढं?" तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"शुद्धलेखन तपासतेय."

"लई चुका दिसत्यात."

मी पुढचं पान ओढलं. सातव्या दिवशी पुण्याला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे पुडकं दिलं.

दीड महिन्याने पुस्तकाच्या दोन प्रती आल्या. कव्हरवर चौघं नटनट्या आणि मागे ज्वाळा. मी त्या कपाटात कपड्यांखाली ठेवल्या, पण पोस्टमनने पुडकं तात्यांच्याच हातात दिलं होतं. त्यांनी बोटांनी चाचपून जाडी पाहिली होती.

"तुजं पुस्तक आलं न्हवं? वाच की," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचं."

मला वाटलं, आता वाचताना जुनंच सांगावं. मला ते बरंचसं पाठ होतं. सिनेमात जसं नसलेलं सांगत होते तसंच. रविवार होता, सकाळ. मी पुस्तक उघडलं आणि पहिलं पान जुन्या शब्दांत म्हणायला लागले. दुसऱ्या पानावर अडखळले. तिसऱ्यावर पुढचं आठवेना. मी छापलेलं वाचायला लागले.

तात्या बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला.

"ह्यो तरना कोन?"

"नायक आहे."

"अन् फिटर?"

"तोच फिटर आता, तात्या. सिनेमासाठी बदलावं लागलं."

 मी वाचत राहिले, कारण थांबले असते तर काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. हवेच्या यंत्राचं झाकण उडतं तो प्रसंग आला. तिथे मी काही बदललेलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. पण छापताना जागा कमी पडली असावी. माझं ते पान पुस्तकात नव्हतंच. त्याजागी एक ओळ होती. नायकाने झटक्यात सगळे नट आवळले आणि तो विजयी मुद्रेने वळला.

"आसं आवळलं तर गॅसकीट फुटतंय," तात्या म्हणाले. "हवा गळंल. माणसं मरतील समदी."

"हो, तात्या."

"तुला म्या सांगितलं हुतं."

"मी लिहिलं होतं तात्या. त्यांनी काढलं."

"आन् म्हातारा? त्यो बी त्येंनीच काढला?"

मी 'हो' म्हणू शकले असते. म्हणाले नाही. "मी काढला," मी सांगितलं. लाल शाईचं, आठ दिवसांचं, सगळं सांगितलं. ते ऐकत होते तेव्हा त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं. नजरेच्या त्या नळीत मला पकडायला त्यांना मान वळवावी लागायची आणि त्यांनी ती वळवली नाही.

"बरं क्येलंस," शेवटी ते म्हणाले. त्यात राग नव्हता, तेच मला सोसलं नाही. "म्हातारं माणूस वाचतंय कोन. राहू दे आता, बास कर."

नगरला तो सिनेमा लागला तेव्हा मी एकटीच जाऊन पाहिला. तात्या म्हणाले, मला त्या अंधारात गुदमरतं. सिनेमातलं जहाज पहिल्या अर्ध्या तासातच एका बेटावर उतरतं आणि उरलेली सगळी गोष्ट त्या बेटावरच्या राजाची आणि त्याच्या मुलीची होती. माझ्या पुस्तकातलं एक अक्षरही पडद्यावर नव्हतं. आठवड्यात सिनेमा उतरला. पुढे प्रकाशकांनी मला तीन पोस्टकार्डं एका पाकिटात घालून पाठवली. वाचकांची होती. एकाने लिहिलं होतं, 'सिनेमाचे नाव देऊन भलतीच गोष्ट खपवता, ही फसवणूक आहे.' प्रकाशकांनी खाली पेन्सिलने लिहिलं होतं, 'मनाला लावून घेऊ नका. परत आलेल्या प्रती रद्दीत काढल्या.'

मी त्यांना हस्तलिखित परत मागितलं. लाल शाईखालचं अजून वाचता आलं असतं. उत्तर आलं, की खिळ्यांची जुळणी झाल्यावर कागद खाली छापखान्यातच राहतात, कंपोझिटर हात पुसायला घेतात. शोधलं, मिळालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी ती पुन्हा लिहायला बसले. चार वर्षं डोक्यात वागवलेली गोष्ट, आठवेल असं वाटलं होतं. घटना आठवत होत्या. कोण काय करतो, कधी मरतो, सगळं. पण म्हातारा बोलायला लागला की त्याच्या तोंडी नायकाची वाक्यं यायची. मी खोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा तीच. यंत्राच्या झाकणाचं पान लिहायचं होतं, तेव्हा मी तात्यांकडे गेले. तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

"तात्या, ते नट समोरासमोरचे आवळायचे तुम्ही म्हणाला होता. आधी किती आवळायचे? किती फेरे?"

त्यांनी हात हवेत धरला. पाना धरल्यासारखा. मनगट जरासं फिरलं आणि थांबलं. ते तसेच बसून राहिले. मग हात मांडीवर ठेवला.

"न्हाई ध्यानात," ते म्हणाले.

मला वाटलं, ते रुसलेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. मग माझ्या लक्षात आलं, की ते रुसले नव्हते. घरात कुणी विचारेनासं झाल्यापासून त्यांनी स्वतःही ते आठवणं सोडून दिलं होतं आणि आता ते खरोखरच येत नव्हतं. चाळीसेक पानं झाली होती. मी तिथेच थांबले.

जानेवारीत प्रकाशकांचं कार्ड आलं. नागिणीचा सिनेमा, सात फॉर्म, बारा दिवस. पुढच्या आठवड्यात नगरला लागतोय. सुरुवात आता 'श्री.'ऐवजी 'सौ.'ने होती. तीही चूकच होती, पण मी ती कधी दुरुस्त केली नाही. शाळेतून येताना पोस्टात गेले, उभ्या उभ्याच कार्ड लिहिलं, 'करते' असं कळवलं आणि पेटीत टाकलं.